वजन कमी करण्याच्या आहारात गोडधोड व चमचमीत पदार्थांचे स्थान : एक विवेचन

गोषवारा

वजन कमी करण्याचा निश्चय केलेली व्यक्ती बहुधा पहिल्याच दिवशी गोड, तळलेले आणि बाहेरचे खाणे पूर्णतः वर्ज्य करते. असा निश्चय फार काळ टिकत नाही आणि तो मोडल्यानंतर होणारे अनिर्बंध खाणे मूळ पदार्थापेक्षा अधिक हानिकारक ठरते. चैनीच्या पदार्थांना आहारात आधीच ठरविलेली, मोजलेली व मर्यादित जागा देणे हे त्यांना हद्दपार करण्यापेक्षा अधिक व्यवहार्य आहे, हे प्रस्तुत लेखात मराठी घरातील पदार्थांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : स्थूलता, उष्मांक, चैनीचे पदार्थ, साप्ताहिक अंदाजपत्रक, फराळ.

प्रास्ताविक

महाराष्ट्राची दिनदर्शिका ही एका अर्थाने पक्वान्नांची दिनदर्शिका आहे. संक्रांतीचा तिळगूळ, होळीची पुरणपोळी, गुढीपाडव्याचे श्रीखंड, गणेशचतुर्थीचे मोदक आणि दिवाळीचा फराळ हे पदार्थ केवळ जिभेचे चोचले नव्हेत. नातेसंबंध, श्रद्धा आणि आदरातिथ्य यांच्याशी ते जोडलेले आहेत. त्यांच्या जोडीला रेल्वे स्थानकाबाहेरचा वडापाव, कार्यालयातील वाढदिवसाचा केक, चहाबरोबरचे फरसाण आणि दुकानात टांगलेली वेफर्सची पाकिटे यांची भर पडली आहे. पूर्वी सणापुरते असणारे खाणे आज रोजचे झाले आहे आणि शारीरिक श्रम मात्र घटले आहेत.

या बदलाचे परिणाम गंभीर आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतातील ११.४ टक्के प्रौढ व्यक्तींना मधुमेह असून आणखी १५.३ टक्के व्यक्ती मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. पोटावरील स्थूलतेचे प्रमाण ३९.५ टक्के आढळले. भारतीयांच्या शरीरात तुलनेने कमी वजनावरही पोटाभोवती चरबी साठण्याची प्रवृत्ती असते. म्हणून भारतीयांसाठी शरीर वस्तुमान निर्देशांकाची स्थूलतेची मर्यादा ३० ऐवजी २५, तर कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर मानली जाते. वजन आटोक्यात ठेवणे हा केवळ सौंदर्याचा विषय राहिलेला नाही, हे यावरून ध्यानात येते.

या पार्श्वभूमीवर एक प्रश्न वारंवार विचारला जातो. वजन कमी करावयाचे असेल तर हे सर्व पदार्थ कायमचे सोडावे लागतात काय? या प्रश्नाचे उत्तर शोधणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

‘चैनीचे पदार्थ’ : संकल्पना

शरीराच्या गरजेपेक्षा चवीसाठी, हौसेसाठी किंवा प्रसंगासाठी खाल्ले जाणारे आणि साखर, मीठ किंवा स्निग्धांश यांचे प्रमाण अधिक असलेले पदार्थ येथे ‘चैनीचे पदार्थ’ म्हणून संबोधले आहेत. सामान्य व्यवहारात ‘जंक फूड’ म्हटले की पिझ्झा, बर्गर, शीतपेये डोळ्यांसमोर येतात आणि घरचा लाडू किंवा चकली त्या यादीतून सुटते. घरी शुद्ध तुपात केलेला लाडू जिन्नसांच्या शुद्धतेमुळे श्रेष्ठ असेल, परंतु त्यातील तुपाचे आणि साखरेचे उष्मांक तेवढेच राहतात. ऊर्जेच्या हिशेबात घरचे व बाहेरचे असा भेद नाही.

तथापि दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २० व्यक्तींवर केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक व्यक्तीला दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले अन्न व दोन आठवडे साधे अन्न देण्यात आले. दोन्ही आहारांत उपलब्ध ऊर्जा, साखर, स्निग्धांश, मीठ व तंतुमय घटक यांचे प्रमाण सारखे ठेवले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या आहारावर असताना या व्यक्तींनी दररोज सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक घेतल्या व त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. साध्या आहारावर ते तेवढेच घटले. म्हणजे पाकीटबंद पदार्थांचा धोका त्यांतील उष्मांकांपुरता मर्यादित नाही. ते भराभर आणि नकळत जास्त खाल्ले जातात. मोजून खाण्याची सवय लावताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

ऊर्जेचा हिशेब

एक ग्रॅम कर्बोदकांपासून सुमारे ४, प्रथिनांपासून ४ आणि स्निग्ध पदार्थांपासून ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. खर्चापेक्षा आवक अधिक झाली की उरलेली ऊर्जा मुख्यतः चरबीच्या रूपात साठते. आवक कमी पडली की साठा वापरला जातो. या हिशेबात ऊर्जा कोणत्या पदार्थातून आली याला दुय्यम महत्त्व आहे.

याचे एक टोकाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. कॅन्सस राज्य विद्यापीठातील पोषणशास्त्राचे प्राध्यापक मार्क हॉब यांनी २०१० मध्ये दहा आठवडे जेवणाऐवजी प्रामुख्याने क्रीम भरलेले केक, बिस्किटे व तत्सम पदार्थ खाल्ले, परंतु दिवसाची एकूण ऊर्जा १,८०० किलोकॅलरींच्या आत ठेवली. त्यांचे वजन २७ पौंडांनी, म्हणजे सुमारे १२ किलोने कमी झाले. या प्रयोगाचा अर्थ केकवर जगावे असा मुळीच नाही. स्वतः हॉब यांनीही हा आहार कोणाला सुचविलेला नाही आणि त्या काळातही ते जीवनसत्त्वाची गोळी, प्रथिनयुक्त पेय आणि थोड्या भाज्या घेत होते. एका व्यक्तीवरील प्रयोगातून आरोग्याचे नियम ठरत नाहीत. मात्र ‘गोड खाल्ले की वजन कमी होणे थांबते’ ही समजूत चुकीची आहे, एवढे त्यातून निश्चित दिसते.

वजन घटणे आणि पोषण होणे या भिन्न गोष्टी आहेत, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी प्रथिनांची शिफारस शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम अशी केली आहे. ऊर्जा कमी घेताना प्रथिने, लोह, कॅल्शियम व तंतुमय पदार्थ कमी पडून चालत नाही. उलट, कमी अन्नातून ते सर्व मिळवायचे असल्याने ताटातील प्रत्येक घासाचे मोल वाढते. म्हणून ‘आधी गरज, मग आवड’ हा क्रम अटळ ठरतो.

संपूर्ण वर्ज्यतेचा दोष

असे असेल तर चैनीचे पदार्थ पूर्णतः सोडणेच श्रेयस्कर, असे कोणी म्हणेल. तत्त्वतः ते बरोबर आहे, मात्र मानवी स्वभाव या तत्त्वाला साथ देत नाही.

पीटर हर्मन व डेबोरा मॅक यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. त्यात काही विद्यार्थिनींना प्रथम मिल्कशेक देण्यात आला, काहींना दिला नाही आणि नंतर सर्वांना चव पाहण्याच्या निमित्ताने आइस्क्रीम हवे तेवढे खाऊ दिले. खाण्यावर बंधन न पाळणाऱ्या विद्यार्थिनींनी मिल्कशेकनंतर स्वाभाविकपणे आइस्क्रीम कमी खाल्ले. ज्या एरवी खाण्यावर कडक बंधन पाळत होत्या त्यांनी मात्र मिल्कशेक घेतल्यानंतर आइस्क्रीम अधिक खाल्ले. नियम मोडलाच आहे, तर आता मागे कशाला राहायचे, ही वृत्ती त्यामागे होती. एका लाडवाने निश्चय मोडतो आणि मग डबाच रिकामा होतो, हा अनुभव आपल्याकडील अनेकांना परिचित असेल. येथे वजन वाढविणारा घटक पहिला लाडू नसून त्यानंतरचे पाच लाडू असतात.

जर्मन मानसशास्त्रज्ञ योआखिम वेस्टेनहोफर यांनी १९९१ मध्ये खाण्यावरील नियंत्रणाचे ‘कठोर’ व ‘लवचीक’ असे दोन प्रकार मांडले. ‘हे खायचे, ते कधीच नाही’ असे कठोर नियंत्रण असणाऱ्यांत ताबा सुटण्याचे प्रमाण अधिक दिसले. आज जास्त झाले तर उद्या थोडे आवरते घ्यावे, अशा लवचीक नियंत्रणाचा संबंध कमी वजनाशी व कमी प्रमाणात ताबा सुटण्याशी आढळला. अशा निरीक्षणांतून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही. तरीही दीर्घकाळ टिकणाऱ्या आहाराची दिशा त्यातून सूचित होते.

साप्ताहिक अंदाजपत्रक

लवचीकता म्हणजे मोकळीक नव्हे. घरखर्चात हौसेसाठी काही रक्कम बाजूला काढतात, तशीच ऊर्जेच्या अंदाजपत्रकात एक लहान तरतूद करावी लागते. अमेरिकेच्या २००५ च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत पोषणाच्या गरजा भागल्यानंतर उरणाऱ्या अशा ‘ऐच्छिक’ ऊर्जेची कल्पना मांडली होती. २,००० किलोकॅलरींच्या आहारात ती सुमारे २६७ किलोकॅलरी एवढी धरली होती. वजन कमी करताना एकूण ऊर्जाच कमी असल्याने ही तरतूद त्याहून लहान, म्हणजे साधारण दहा टक्के ठेवणे सोयीचे ठरते.

एक उदाहरण घेऊ. बैठे काम करणाऱ्या एका स्त्रीला आहे ते वजन टिकविण्यासाठी दररोज १,९०० किलोकॅलरी लागतात असे समजू. तिने रोज ४०० किलोकॅलरी कमी घेण्याचे ठरविले तर दिवसाला १,५०० व आठवड्याला १०,५०० किलोकॅलरींचे अंदाजपत्रक तयार होते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा असते, या हिशेबाने आठवड्याला एक तृतीयांश किलोपेक्षा थोडे अधिक वजन कमी होईल. वजन घटत जाते तशी शरीराची गरजही घटते, त्यामुळे पुढे हा वेग मंदावतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठवड्याला अर्धा किलोपर्यंतची घट सुरक्षित मानली जाते आणि आहार दिवसाला १,००० किलोकॅलरींखाली नेऊ नये, असेही त्यात नमूद आहे.

या १०,५०० पैकी दहा टक्के, म्हणजे आठवड्याला १,०५० किलोकॅलरी चैनीच्या पदार्थांसाठी राखून ठेवता येतात. त्यात काय बसते हे पाहण्यासाठी काही परिचित पदार्थांचा अंदाज पुढे दिला आहे. आकार, जिन्नस व तेल-तुपाचे प्रमाण यांनुसार यात फरक पडेल.

तक्ता क्र. १ : काही चैनीच्या पदार्थांची अंदाजे ऊर्जा (किलोकॅलरी)

वडापाव, १ नग : पाव १३०, बटाटा ६० ग्रॅम ४५, बेसन १५ ग्रॅम ५०, शोषलेले तेल ९ ग्रॅम ८०, एकूण ३०५
पुरणपोळी, १ मध्यम : कणीक ३० ग्रॅम १००, हरभरा डाळ २५ ग्रॅम ८०, गूळ २५ ग्रॅम ९०, वरून तूप १ लहान चमचा ४५, एकूण ३१५
बेसनाचा लाडू, ४० ग्रॅम : बेसन ५०, साखर ५०, तूप ११०, एकूण २१०
उकडीचा मोदक, १ नग, तुपाविना : तांदळाची पिठी ५५, ओले खोबरे ६०, गूळ ४०, एकूण १५५
चकली, २५ ग्रॅम : एकूण १३०
फरसाण, १ वाटी, ४० ग्रॅम : एकूण २२०
गोड शीतपेय, ३०० मिलिलिटर : साखर सुमारे ३२ ग्रॅम, एकूण १३०

या तक्त्यावरून असे दिसते की एक वडापाव, एक पुरणपोळी आणि एक बेसनाचा लाडू यांची बेरीज ८३० किलोकॅलरी होते. म्हणजे आठवड्यातून तीन वेळा आवडीचे खाऊनही या स्त्रीचे अंदाजपत्रक कोलमडत नाही. अट एवढीच की उरलेल्या ९० टक्क्यांत डाळी-उसळी, भाज्या, ताक, फळे, भाकरी-पोळी आणि आवडीनुसार अंडी-मासे यांनी पोषणाची बाजू सांभाळलेली असावी.

चहातील साखर : न मोजलेली चैन

वरील तरतूद कागदावर सोपी वाटली, तरी अनेकांच्या बाबतीत ती आधीच खर्च झालेली असते. दिवसातून तीन कप चहा आणि प्रत्येक कपात दोन लहान चमचे साखर, हे प्रमाण आपल्याकडे मुळीच असाधारण नाही. एका लहान चमच्यात ५ ग्रॅम साखर, म्हणजे २० किलोकॅलरी असतात. या हिशेबाने दिवसाला १२० आणि आठवड्याला ८४० किलोकॅलरी केवळ चहातील साखरेतून येतात. वडापाव, पुरणपोळी आणि लाडू या तिघांची मिळून जेवढी ऊर्जा होती, जवळजवळ तेवढीच ही ऊर्जा आहे. शिवाय ही रोजची ३० ग्रॅम साखर राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुचविलेल्या २० ते २५ ग्रॅमच्या मर्यादेपलीकडे जाते.

पुरणपोळी खाल्ल्याची खंत वाटते, पण चहाच्या साखरेची आठवणही राहत नाही. द्रवरूपातील ऊर्जेची दखल शरीरही कमी घेते. डिमेग्लियो व मॅटीस यांच्या २००० मधील प्रयोगात १५ व्यक्तींना चार आठवडे रोज ४५० किलोकॅलरींच्या गोळ्या व अन्य चार आठवडे तेवढ्याच ऊर्जेचे गोड पेय देण्यात आले. गोड गोळ्या खाल्ल्यावर त्यांनी इतर खाणे आपोआप कमी केले. पेयाच्या काळात मात्र तसे घडले नाही आणि वजन वाढले. म्हणून कपात करताना सुरुवात सरबते, शीतपेये व चहातील साखर यांपासून करावी. ज्यात आनंद कमी व ऊर्जा जास्त ते आधी सोडावे आणि वाचलेली जागा खऱ्या आवडीच्या पदार्थाला द्यावी.

काही फसवे पर्याय

पहिला गैरसमज गुळाविषयी आहे. साखरेऐवजी गूळ किंवा मध वापरला की पदार्थ निर्धोक होतो असे मानले जाते. गुळात अल्प प्रमाणात खनिजे असली तरी त्याची ऊर्जा साखरेच्या जवळपासच असते.

दुसरा गैरसमज ‘डाएट’ असे नाव लावलेल्या पदार्थांविषयी आहे. भाजलेल्या पोह्यांचा चिवडा तळलेल्यापेक्षा हलका असतो हे खरे, परंतु त्यातील शेंगदाणे, खोबरे व फोडणीचे तेल कायम असते आणि ‘डाएट चिवडा’ म्हणून एका वाटीऐवजी तीन वाट्या खाल्ल्या जातात. पाकिटावरील पोषणमूल्ये वाचताना ती १०० ग्रॅमसाठी, एका वाढणीसाठी की संपूर्ण पाकिटासाठी दिली आहेत हे पाहणे आवश्यक आहे.

तिसरा गैरसमज उपवासाचा. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ या म्हणीत आपल्या पूर्वजांनी हे मर्म नेमके पकडले आहे. ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचे कूट, थोडा बटाटा आणि दोन लहान चमचे तूप घातलेली खिचडीची एक थाळी सुमारे ४६५ किलोकॅलरींची, म्हणजे दीड वडापावाएवढी होते. उपवासाला धार्मिक मूल्य आहेच, पण वजन कमी करण्याचा उपाय म्हणून त्याकडे पाहताना ताटात काय आहे ते पाहावे लागते.

चौथा गैरसमज व्यायामाचा. ‘खाल्ले तर चालून जिरवू’ असे सहज म्हटले जाते. ७० किलो वजनाच्या व्यक्तीने ताशी ५ किलोमीटर वेगाने तासभर चालल्यास, स्वस्थ बसले असता होणारा खर्च वजा करता, सुमारे १७५ किलोकॅलरी अधिक खर्च होतात. एका वडापावासाठी पावणेदोन तास चालावे लागेल. व्यायाम हृदय, स्नायू व रक्तातील साखर यांसाठी अत्यावश्यक आहे, परंतु खाण्याची शिक्षा म्हणून त्याचा वापर केल्यास व्यायामाचीच नावड निर्माण होते.

सण-समारंभांचा काळ

वर्षभर सांभाळलेले वजन थोड्या दिवसांत वाढते आणि नंतर उतरत नाही, ही खरी समस्या आहे. अमेरिकेत १९५ प्रौढांवर झालेल्या व २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षअखेरच्या सणांच्या काळात वजन सरासरी ०.३७ किलोने वाढल्याचे आढळले. वाढ किरकोळ दिसते, पण पुढील महिन्यांत ती भरून निघाली नाही. दरवर्षी अशी भर पडत गेली की दहा वर्षांत वजन काही किलोंनी वाढते.

आपल्याकडे श्रावणापासून दिवाळीपर्यंत असा काळ बराच लांबतो. त्या काळात वजन कमी करण्याचा हट्ट धरण्यापेक्षा मुख्य सणाच्या दिवसांपुरते ‘वजन वाढू न देणे’ एवढेच उद्दिष्ट ठेवणे शहाणपणाचे आहे. वरील उदाहरणातील स्त्रीने दिवाळीचे पाच दिवस १,५०० ऐवजी १,९०० किलोकॅलरी घेतल्या, तर तिला २,००० किलोकॅलरींची अधिक मोकळीक मिळते आणि वजन आहे तेथेच राहते. पाडव्याच्या ताटात तिला वेगळे बसावे लागत नाही. भाऊबीज झाली की पूर्वीचा क्रम सुरू करावा.

मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी काटा एक-दीड किलो पुढे सरकलेला दिसला तरी घाबरण्याचे कारण नाही. एक किलो चरबी साठण्यासाठी गरजेपेक्षा ७,७०० किलोकॅलरी अधिक खाव्या लागतील. एका जेवणात ते शक्य नसते. ती वाढ मुख्यतः मीठ व कर्बोदकांमुळे शरीरात थांबलेल्या पाण्याची आणि पोटातील अन्नाची असते व थोड्या दिवसांत ओसरते. याच क्षणी ‘सगळे फुकट गेले’ असे वाटून अनेकजण प्रयत्न सोडतात. म्हणून ही माहिती प्रत्येकाला असणे गरजेचे आहे.

घरातील व्यवहार

अंदाजपत्रक यशस्वी होण्यासाठी काही साध्या सवयी उपयोगी पडतात.

१. पदार्थ व दिवस आधी ठरवावा. रविवारी संध्याकाळी वडापाव खायचा असे ठरलेले असेल तर मंगळवारी त्याचा मोह आवरणे सोपे जाते.

२. डब्यातून किंवा पाकिटातून थेट खाऊ नये. बशीत वाढून घ्यावे, डबा बंद करून ठेवावा आणि बसून खावे.

३. गोड पदार्थ जेवणाबरोबर घ्यावा व त्या जेवणातील पोळी किंवा भात कमी करावा. डाळ, उसळ, भाजी व कोशिंबीर यांना कात्री लावू नये.

४. जास्त खाल्ले गेल्यास दुसऱ्या दिवशी लंघन करू नये. नेहमीचा आहार घ्यावा. लंघनानंतर पुन्हा अति खाणे होते.

५. मुलांना बक्षीस म्हणून खाऊ आणि शिक्षा म्हणून भाजी देऊ नये. त्यातून पदार्थांविषयीची ओढ व तिटकारा दोन्ही वाढतात.

या व्यवहारात घरातील स्त्रीचा स्वतंत्र विचार झाला पाहिजे. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेला शिरा, मुलांनी टाकलेला अर्धा लाडू, संपविण्यासाठी ठेवलेला फराळ हे ‘अन्न वाया जाऊ नये’ या संस्कारापोटी तिच्या वाट्याला येते. हे खाणे तिने निवडलेले नसते, त्यात विशेष आनंदही नसतो, पण त्याची ऊर्जा मात्र तिच्या शरीरात साठते. तेव्हा मोजून रांधणे, उरलेले वाटून देणे आणि सर्वांबरोबर बसून स्वतःच्या आवडीचा ताजा घास खाणे या गोष्टी घरातील सर्वांनी मिळून घडवून आणावयास हव्यात. आग्रहाची प्रथाही तपासून पाहिली पाहिजे. पाहुण्याने ‘पुरे’ म्हटल्यावर थांबणे हे आदरातिथ्यच आहे.

सार्वजनिक पातळीवरही याची जाणीव वाढत आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जून २०२५ मध्ये कार्यालये व संस्थांमध्ये पदार्थांतील तेल व साखरेची माहिती देणारे फलक लावण्याविषयी सूचना केली. समोसा-जिलेबीवर इशारे छापण्याची सक्ती होणार, अशी चर्चा त्यावरून झाली. परंतु विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारे छापण्याचा हा आदेश नसल्याचे मंत्रालयाने जुलैमध्ये स्पष्ट केले. बंदीपेक्षा माहितीवर भर देणारी ही भूमिका प्रस्तुत विवेचनाशी सुसंगत आहे.

मर्यादा व सावधगिरी

वरील हिशेब सर्वसाधारण निरोगी प्रौढांसाठी आहे. मधुमेह असणाऱ्यांनी, विशेषतः औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गोड पदार्थांचे प्रमाण व वेळ वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावी. उच्च रक्तदाबाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांना फरसाण, पापड, वेफर्स यांतील मीठ बाधक असते, मग उष्मांक अंदाजपत्रकात बसत असले तरी. गरोदर व स्तनदा मातांनी आणि वाढत्या वयातील मुलांनी स्वतःहून आहार कमी करू नये. ज्यांना खाण्यावर वारंवार ताबा सुटण्याचा, गुपचूप खाण्याचा किंवा खाऊन उलटी काढण्याचा त्रास आहे, त्यांना आकडेमोड उपकारक ठरण्याऐवजी अपायकारक ठरू शकते. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी.

तळण्याच्या तेलाचा प्रश्नही वेगळा आहे. पुन्हापुन्हा तापविलेल्या तेलात अपायकारक घटक तयार होतात. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्यासंबंधी मर्यादा घातली आहे, तसेच जानेवारी २०२२ पासून तेल व वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटचे प्रमाण २ टक्क्यांवर आणले आहे. तरी काळ्या पडलेल्या तेलातील पदार्थ टाळणे ग्राहकाच्या हाती आहे.

शेवटी, वडापाव हा सर्वांसाठी चैनीचा पदार्थ नाही, याचेही भान ठेवले पाहिजे. घाईच्या व अल्प उत्पन्नाच्या जीवनात अनेक श्रमिकांचे ते दुपारचे जेवण असते. त्यांच्यासाठी प्रश्न मोह आवरण्याचा नसून परवडणारे व पोषक अन्न कामाच्या ठिकाणी उपलब्ध होण्याचा आहे. त्याचे उत्तर व्यक्तीच्या संयमात शोधणे अन्यायाचे ठरेल.

समारोप

वजन कमी करण्याचा कोणताही आहार काही आठवड्यांसाठी नसतो. कमी झालेले वजन टिकवावयाचे असेल तर तो आहार अनेक वर्षे पाळता यावा लागतो, आणि ज्यात सणाला, मैत्रीला व आवडीला जागा नाही असा आहार अनेक वर्षे पाळला जात नाही. म्हणून चैनीच्या पदार्थाला शत्रू न मानता त्याचा वाटा ठरवून द्यावा. पोषणाची गरज आधी भागवावी, न मोजलेली साखर प्रथम कमी करावी, आवडीचा पदार्थ निवडून, मोजून व चारचौघांत बसून खावा आणि कधी प्रमाण चुकले तर पुढच्या जेवणापासून नेहमीच्या क्रमावर यावे. एका लाडवाने आहार मोडत नाही. लाडवानंतर प्रयत्न सोडून दिल्याने मात्र तो मोडतो. हा फरक ज्याला उमगला, त्याला पुरणपोळीचा नैवेद्य आणि आरोग्य यांतून एकाची निवड करावी लागणार नाही.